मिरच्या भाजायचा दिवस

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नाही. वडील गोडादऱ्यात लूमच्या कारखान्यात आहेत, आई घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवते. कॉलेजच्या मराठी मंडळाच्या वार्षिक अंकासाठी आठवणीतल्या एका ऋतूवर लिही, असं सरांनी सांगितलं तेव्हा मी दोनदा नाही म्हटलं. सरांना वाटलं, पोरगा लाजतोय. कारण वेगळं होतं. याआधी मी मन लावून एकच गोष्ट लिहिली होती, आणि तिच्यामुळे एक बाई तुरुंगात गेली आणि दुसरीचं नाव मातीत गेलं. दोघीही लिहायला-वाचायला कधी शिकल्या नाहीत. ज्याच्या हातून हे झालं त्याने पुन्हा पेन उचलावं का, मला ठाऊक नाही. आता उचललंच आहे, तर सरळ सांगतो.

या चैत्रात, माझ्या शेवटच्या वर्षाच्या परीक्षेच्या मधल्याच एका दुपारी, ध्रुविलचा फोटो आला. ध्रुविल माझा वर्गमित्र, त्याच्या वडिलांचं मार्केटमध्ये साड्यांचं दुकान आहे. फोटोत लाकडी टेबलावर एक उंच काचेचा ग्लास, त्यात मधाच्या रंगाची बियर, आणि ग्लासाशेजारी शोभेला ठेवलेली चार फुलं. पिवळट, गुबगुबीत, मण्यांसारखी. मी ती लगेच ओळखली. खाली ध्रुविलने लिहिलं होतं, "दमणमां नवुं आव्युं. महुडानी बियर. तारी फोईनी याद आवी, भाई." आणि हसणारा चेहरा.

मी फोन उलटा ठेवला. पण मोहाच्या फुलांचा वास फोन उलटा ठेवून जात नाही.

ज्यांना तो माहीत नाही त्यांना कसा सांगू? पिकून फुटायला आलेल्या फळात गूळ पडावा, आणि त्यावर कुणीतरी ओलं पोतं टाकावं, तसा. गोड आणि थोडा कुबट. फाल्गुन-चैत्रात साक्री-नवापूरकडून आमच्या गल्लीत येणारा पाहुणा गव्हाचं पोतं आणायचा, आणि गव्हाच्या खाली ही वाळलेली फुलं असायची. पोतं जायचं फुईकडे. फुई म्हणजे आत्या. आमच्या घरी अहिराणी बोलतात, म्हणून ती फुई, आणि तिचे यजमान फुवा.

फुवा रंगाईच्या मिलमध्ये होते. मी शाळेत असताना ते पोटलीची दारू पिऊन गेले. आम्ही राहतो त्या गुजराती मुलखात दारूबंदी आहे, म्हणून दारू प्लास्टिकच्या पिशवीत येते आणि तिच्यात काय मिसळलंय ते पिणाऱ्यालाच कळतं, तेही उशिरा. फुवा खोलीच्या उंबऱ्यावर पडले ते उठलेच नाहीत. त्यांचे दिवस झाल्यावर फुईने माहेरी लहानपणी पाहिलेलं, मोहाची दारू गाळायचं काम सुरू केलं. लोकांना वाटायचं, विधवा बाई, पोटासाठी करते. पोटासाठी तर होतंच. माझ्या कॉलेजची फीसुद्धा त्याच हंड्यातून आली. पण मला ती एकदा म्हणाली होती की गल्लीतले लोक पिणारच आहेत, निदान माझ्या हातची पिऊन कुणी मरू नये. तिने स्वतः कधी थेंब घेतला नाही. धार सुरू झाली की पहिली वाटीभर ती मोरीत ओतून द्यायची, मग चमचाभर घेऊन काडी लावायची. ज्योत निळी निघाली तर पुढे. आणि भरलेल्या पहिल्या पेल्यातलं घोटभर उंबऱ्यावर ओतायची, फुवांच्या जागेवर. हे ती का करते ते तिने फक्त मला सांगितलं होतं.

वासाचं काय करायचं, हा प्रश्न कमलकाकूने सोडवला होता. कमलकाकू शेजारच्या खोलीत राहायची, फुईची गावापासूनची मैत्रीण. फुईचा हंडा चढला की कमलकाकू दारात चूल मांडून तव्यावर लाल मिरच्या भाजायला बसायची. असा ठसका उठायचा की आख्खी गल्ली खोकायची, शिंकायची, डोळे पुसायची. त्या धुरात मोहाचा वास कुणाच्या बापाला लागायचा नाही. गल्लीत कुणी दारूचं नाव काढत नसे. कारखान्यातून आलेला माणूस नाकाला रुमाल लावून विचारायचा, "आज मिरच्या भाजल्या वाटतं?" आणि कमलकाकू लाल डोळ्यांनी म्हणायची, "मसाला करायचाय ना, दादा." वर्षभर एवढा मसाला कोण खातं, हे कुणी विचारत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वीच्या फाल्गुनात मी एकीकडे या ठसक्यात राहत होतो आणि दर शनिवारी, दारूबंदी नसलेल्या दमणला जात होतो.

ध्रुविल आणि आमच्याच वर्गातल्या कृपाने एक पान सुरू केलं होतं, मोबाईलवर, 'सुक्या शहरातले तहानलेले' अशा अर्थाच्या गुजराती नावाचं. दमणला नवीन बार उघडला की तिथे जायचं, प्यायचं, पाचपैकी गुण द्यायचे आणि चार ओळी लिहायच्या. मला का नेत, ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी पीत नव्हतो आणि मला गाडी चालवता येत होती. साडीच्या ताक्यांचा टेम्पो चालवून हात बसला होता. येताना नाक्यावर गाडी थांबवली की पोलीस चालवणाऱ्याला फुंकर मारायला लावत. मी फुंकर मारायचो. एकदा एक हवालदार यंत्राकडे बघून हसला, "आ तो भगत नीकळ्यो!" मागच्या सीटवर दोघं तोंडावर हात धरून बसलेले. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. आपण कुणाच्या तरी उपयोगाचे आहोत, असं.

पहिली जागा गच्चीवर होती. समुद्र दिसतो म्हणून नाव, पण ओहोटीच्या वेळी दिसायची चिखलाची रुंद पट्टी आणि तिच्यात तिरक्या पडलेल्या होड्या. दुसऱ्या जागी जुन्या घराच्या निळ्या फरशा तशाच ठेवल्या होत्या, आणि बियर लोणच्याच्या बरणीसारख्या ग्लासात द्यायचे. माझी आई ज्या बरणीत लिंबाचं लोणचं घालते, तिला जर कान असता तर तोच ग्लास झाला असता. मी हे बोललो तर कृपा एवढी हसली की तिला ठसका लागला. "आ लखी नाख," ती म्हणाली.

तिथून लिखाण माझ्याकडे आलं. मी प्यायचो नाही, वास घ्यायचो. ग्लास नाकाखाली धरून डोळे मिटायचे आणि जे आठवेल ते लिहायचं. एकीला भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीचा वास होता. एकीला पहाटे उघडलेल्या पिठाच्या गिरणीचा. एक तर थेट शिळ्या भाकरीसारखी होती, आणि मी ते कौतुकानेच लिहिलं. लोकांना आवडायला लागलं. ध्रुविल म्हणायचा, "पीतो नथी ने आटलुं लखे छे. पीतो होत तो शुं करत?"

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या घरातल्या गोष्टी कुणाला तरी हव्या होत्या. गिरणी, भाकरी, ओलं पोतं. कॉलेजात मी ज्या लपवत होतो, त्याच.

तिसरी जागा मोठी होती. काचेच्या पलीकडे तांब्याच्या चकचकीत टाक्या, त्यांना वळसे घातलेल्या नळ्या. दाढीवाला एक तरुण लाकडी फळीवर चार छोटे ग्लास घेऊन आला आणि प्रत्येकाची गोष्ट सांगायला लागला. ही गव्हाची, हिला संत्र्याची साल लावली आहे, ही तीन आठवडे थंडीत झोपली होती. हाताने बनवतो, थोडीच बनवतो, तो म्हणाला. म्हणून खास. मी नळीकडे बघत होतो. नळी तशीच होती. फुईची त्या मानाने बारीक होती आणि एका ठिकाणी चेपलेली होती, इतकंच.

मी बोलून गेलो. मोठेपणा मिरवायचा नव्हता, खरं तर उलटच. मला वाटलं, एकदा तरी सांगावं की माझ्याही घरी कुणाला काहीतरी येतं. हंडा, मोहाची फुलं, निळी ज्योत, सगळं सांगितलं. ध्रुविल टेबलावर हात आपटून म्हणाला, "तारी फोई तो असली क्राफ्टवाळी नीकळी!"

पुढच्या शनिवारी दमणला न जाता दोघं गोडादऱ्याला आले.

फुईने खाटेवर नवी चादर घातली होती. माझ्या कॉलेजातले मित्र तिच्या घरी येणार, याचाच तिला आनंद. "भाऊना दोस्त शेतस, बठा, बठा," करत तिने स्टीलचे पेले पुसले, शेंगदाणे भाजले, कांदा चिरला. बाहेर कमलकाकू मिरच्यांवर बसली होती. कृपा ओढणी नाकाला लावून शिंकत होती आणि हसत होती. ध्रुविलने फोन वर केला तेव्हा फुई म्हणाली, "फोटू नको काढू, भाऊ. बाकी खुशाल पेवा." त्याने लगेच फोन खिशात टाकला. तेवढा तो सभ्य आहे.

एक घोट घेऊन त्याने पेला खाली ठेवला आणि म्हणाला, "मासी, दमणवाळा तमारी आगळ पाणी भरे." फुईला गुजराती चांगलं समजायचं, आयुष्य इथेच गेलं होतं तिचं. ती तोंडाला पदर लावून हसली. मी तिला तसं हसताना फुवा गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

परतताना गुण ठरले. कृपाने पाचपैकी पाच दिले. ध्रुविलने चार. एक कशाबद्दल कापला विचारलं तर म्हणाला, "बेसवानी जग्या. अने पेलां मरचां."

मी त्याच दिवशी लिहिलं. नाव नाही, पत्ता नाही, फोटो नाही. मला वाटलं, एवढी काळजी पुरे. त्यात मी लिहिलं की आपल्या शहरात एक बाई आहे, तिच्यापुढे तांब्याच्या टाक्या फिक्या. पहिला पेला ती उंबऱ्याला देते, कारण तिचा माणूस तिथे पडला होता. तिचा पत्ता मी देणार नाही, पण रेल्वे फाटकापलीकडे जिथे साड्यांना टिकल्या लागतात, तिथल्या एखाद्या गल्लीत मिरच्यांचा ठसका लागला तर समजा, शेजारी काहीतरी चांगलं शिजतंय. ही शेवटची ओळ मला फार आवडली होती. मी ती पुन्हा पुन्हा वाचली. आमच्या पानावर एवढे लोक त्याआधी कधी आले नव्हते. अनोळखी माणसांनी लिहिलं, काय लिहितोस रे. मी चार दिवस हवेत होतो. आमच्या गल्लीतलं कुणी ते पान वाचत नाही, हे मला माहीत होतं. कोण वाचतं, हे माहीत नव्हतं.

संख्याशास्त्राच्या पेपरच्या दिवशी सकाळी मी हातात पॅड घेऊन निघालो तेव्हा गल्लीत ठसका होता. मी शिंकतच कोपऱ्यापर्यंत आलो. तिथे एक जीप उभी होती. दोन पोलीस आणि एक महिला पोलीस नाक वर करून हवा हुंगत होते, आणि त्यातल्या एकाच्या हातात मोबाईल होता. हुंगता हुंगता त्यालाही शिंक आली, आणि तिघंही हसले. त्याने माझ्याकडे पाहिलं. इस्त्रीचा शर्ट, पॅड, हॉलतिकीट. म्हणाला, "परीक्षा छे, बेटा? जा, जा. सारी जशे."

मी गेलो.

हे वाक्य मी बऱ्याच प्रकारे लिहून पाहिलं. मला उशीर झाला होता. एवढ्यात काय होणार, असं वाटलं. सगळं खरं आहे, आणि त्यातलं काहीच उपयोगाचं नाही. फुईकडे फोन होता. तिचा नंबर मला पाठ होता. रिक्षेत बसल्यावर मी फोन हातात घेतला आणि परीक्षेला चाललोय म्हणून बंद केला. हंडा उतरवायला, फुलं मोरीत ढकलायला तिला पाच मिनिटं लागली असती. पेपर सोपा होता. त्या वर्षी सगळ्यात जास्त गुण मला त्याच पेपरात पडले.

घरी आलो तेव्हा गल्ली गोड वासाने भरली होती. हंडा फोडून सगळं गटारात ओतलं होतं, पोतं झटकलं होतं. गटारात मोहाची फुलं फुगून तरंगत होती. दोन बकऱ्यांनी ती खाल्ली होती आणि त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. लोक त्यांना बघून हसत होते. सकाळी त्यांच्यातलीच एक बाई जीपमधून गेली होती, आणि दुपारी ते बकऱ्यांना हसत होते. मी त्यांना नावं ठेवत नाही. मीही हसलो असेन.

आईने सांगितलं ते असं. एक पोलीस मोबाईलवरून मोठ्याने काहीतरी गुजरातीत वाचत होता, आपल्याला काय कळतंय. फुई ऐकत उभी होती, रडली नाही, काही नाही. मग जीपमध्ये चढताना वळली आणि कमलकाकूकडे बोट करून सगळ्यांसमोर म्हणाली, "कमल, तूच शे ना? तूच सांगं ना?" कमलकाकूच्या हातात तवा तसाच होता.

झालं. मिरच्यांचं गुपित त्या दोघींचं. फुईने नाही सांगितलं तर कुणी सांगितलं? गल्लीने निकाल दिला. कमलकाकूच्या उंबऱ्यावर बायकांनी मूठमूठ मिरच्या टाकल्या. नळावर तिची घागर मागे ढकलायचे. टिकल्यांच्या साड्या देणाऱ्याने तिला गठ्ठा द्यायचं थांबवलं, आणि तो आईला द्यायला लागला. आईने घेतला. कमलकाकूच्या खोलीच्या पत्र्यावर दगड पडायचे, आणि दगड मारणाऱ्यांपैकी अर्धे फुईचीच पिणारे होते.

एका सकाळी नळावर मी एकटा होतो. कमलकाकू आली, घागर खाली ठेवली आणि माझ्यासमोर उभी राहिली. मिरच्यांनी कायमचे लाल झालेले तिचे डोळे. "भाऊ, तू शिकेल शे. तू सांग ना यास्ले. मी कशाले सांगसू? मन्ही बहीण शे ती."

मी म्हटलं, "काकू, मी काय सांगू? माझी परीक्षा आहे."

तिने मान हलवली. जणू हे कारण तिला पटलं. शिकणाऱ्या पोराची परीक्षा आमच्याकडे एवढी मोठी असते की तिच्यापुढे कुणी काही मागत नाही. माझी घागर भरली होती. तिने ती उचलून माझ्या खांद्यावर द्यायला हात लावला.

पान मी त्याच आठवड्यात पुसून टाकायला लावलं. ध्रुविलने काही विचारलं नाही, फक्त म्हणाला, "सॉरी, भाई. तारी फोईना कोई कॉम्पिटिशनवाळाए कर्युं हशे." त्यालाही कुणीतरी दुसराच हवा होता. वैशाखात कमलकाकूचं घर रिकामं झालं. बारडोलीकडे कुणाच्या तरी शेतावर राहायला गेले म्हणे. फुई जामिनावर सुटली आणि सरळ गावी गेली, साक्रीकडे. सुटून आली त्या दिवशी मी पाया पडलो. तिने डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, जेवलास का. त्यानंतरची दोन वर्षं मी हाच विचार करत काढली की हिला कळलं तर काय होईल.

दमणला मी पुन्हा गेलो नाही. असं लिहिलं की शिक्षा भोगल्यासारखं वाटतं, पण तसं काही नाही. ध्रुविलने दुसरा ड्रायव्हर शोधला, एवढंच. अजूनही कुणाच्या हातात ग्लास दिसला की माझं नाक आधी पुढे जातं आणि शब्द जमायला लागतात. चांगले शब्द जमतात. त्यांचीच भीती वाटते. आणि परवा तो फोटो आला. चार फुलं, धुऊन, पुसून, शोभेला मांडलेली. त्या ग्लासासाठी कुठल्याही गल्लीत कुणाला मिरच्या भाजत बसावं लागलं नव्हतं.

काल शेवटचा पेपर झाला. तीन वर्षं संपली. कॉलेजच्या फाटकाबाहेर पोरं एकमेकांच्या शर्टावर सह्या करत होती. मी कोपऱ्यातल्या झाडाखाली उभा राहिलो आणि फुईला फोन लावला. आधी ठरवलं होतं की हळूहळू सांगायचं. पण तिने "पेपर कसा गया?" विचारलं आणि मी सगळं एका दमात ओकलो. दमण, पान, ती शेवटची ओळ, कोपऱ्यावरची जीप, रिक्षेत बंद केलेला फोन.

पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या. फुई शांतपणे म्हणाली, "माले माहीत शे. त्याच दिनले माहीत पडनं."

मी विचारलं, "कसं?"

"त्या पोलिसनी वाचं ना. उंबरानी गोष्ट. ती मी तुले सोडी कोन्हले सांगी नव्हती."

उंबऱ्याची गोष्ट. तिला पहिल्याच मिनिटाला कळलं होतं, तिथेच, जीपशेजारी, हंडा फुटत असताना. मी विचारलं, मग कमलकाकूचं नाव का घेतलंस? माझा आवाज चढला होता, जणू गुन्हा तिचा होता.

"तुन्हं नाव निंघतं तं कालेज सुटी जातं तुन्हं," ती म्हणाली. "कोन्हं तं नाव लेनंच पडतं." मग, "ती कमल व्हती म्हनीसन लिधं. दुसरी कोन्ही अस्ती तं लढी ऱ्हायती मन्हासंगे."

भांडली नसती म्हणून कमल. लढली नाहीच ती. घागर उचलून दिली.

मी फुईला म्हटलं की या रविवारी बारडोलीला जातो. कमलकाकूच्या पाया पडतो, सगळं सांगतो, मग गल्लीतही सगळ्यांना सांगतो. आता परीक्षा संपली आहे, आता काही अडचण नाही. बोलताना मला हलकं वाटायला लागलं होतं. शर्टावर सह्या घेतलेला एक मुलगा माझ्याकडे पेन घेऊन येत होता.

पलीकडून फुईने कोंबड्यांना हुसकावल्याचा आवाज आला.

"कोनले सांगशी, भाऊ? कमल गयी ना माघमा. तुन्ही आई, बाप, आम्ही सर्वा तिन्ही मातीले जाई उनूत. तुन्ही परीक्षा जवळ व्हती म्हनीसन तुले कोन्ही सांगं नही."